कोल्हापूरहून आषाढी वारीला निघताना: प्रवास आणि सामानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्षय तृतीया झाली की फोन सुरू होतात. "औंदा वारीला यायचं म्हणतोय, काय काय घ्यावं लागंल?" आमच्या दिंडीत सामानाच्या ट्रकची जबाबदारी माझ्याकडे आहे. कुणी काय आणलं, कशाचा उपयोग झाला आणि पंढरपूरपर्यंत काय न उघडता परत आलं, हे त्यामुळे जवळून दिसतं. दरवर्षी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. चालण्याचं बळ माउली देतातच, पण गाडीचं आरक्षण आणि पायातलं आपल्यालाच बघावं लागतं.

१. पहिल्यांदाच यायचंय. तयारी कधीपासून करायची?

आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, देहूहून तुकाराम महाराजांची त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे सप्तमीला. इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. आळंदीचं प्रस्थान २०२३ मध्ये ११ जूनला होतं, २०२४ मध्ये २९ जूनला आणि २०२५ मध्ये १९ जूनला. म्हणून "गेल्या वर्षी याच सुमाराला होती" या अंदाजावर रजा टाकू नका. पंचांग बघा, प्रस्थानाची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिथून उलटं मोजा. दोन महिने आधी पायातलं घ्यायचं आणि चालायला लागायचं. रेल्वेचं आरक्षणही साठ दिवस आधीच उघडतं. एक महिना आधी दिंडी पक्की हवी. शेवटच्या आठवड्यात फक्त पिशवी भरणं उरलं पाहिजे.

२. आळंदीहून जावं की देहूहून? कोल्हापूरकरांना सोयीचं कोणतं?

ज्या दिंडीत ओळखीचं माणूस आहे ती दिंडी सोयीची, मग ती कोणत्याही पालखीसोबत असो. फक्त प्रवासाचा विचार करायचा तर आळंदीची वाट आपल्याला जवळची पडते. ती सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण अशी साताऱ्याच्या अंगाने जाते. मध्येच सामील व्हायचं किंवा परतायचं झालं तर कोल्हापूरची गाडी लवकर मिळते. देहूची पालखी लोणी काळभोर, यवत, बारामती, इंदापूर, अकलूज अशी जाते. त्या वाटेवर अर्ध्यातून घरी यायचं म्हणजे एखाद-दोन गाड्या बदलाव्या लागतात. दोन्ही पालख्या वाखरीत पोहोचतात आणि तिथून पंढरपुरात जातात.

३. कोल्हापूरहून आळंदीला जायचं कसं?

आधी पुणे गाठायचं. रेल्वेने जायचं तर शाहू महाराज टर्मिनसवरून महालक्ष्मी एक्स्प्रेस संध्याकाळनंतर निघते आणि पहाटेच्या आत पुण्यात पोहोचते. कोयना सकाळी निघून दुपारनंतर पोहोचते. सप्टेंबर २०२४ पासून वंदे भारतही आठवड्यातून तीन दिवस धावते. माझं मत महालक्ष्मीला आहे. झोप होते आणि अख्खा दिवस हाताशी राहतो. एसटीने जाणार असाल तर मध्यवर्ती स्थानकावरून स्वारगेटच्या गाड्या दिवसभर असतात. स्वारगेट आणि पुणे स्टेशन या दोन्ही ठिकाणांहून आळंदीला पीएमपीच्या बस जातात.

खरी अडचण शेवटच्या टप्प्यात येते. प्रस्थानाच्या आधी आळंदीत वाहनांना बंदी घालतात, बस अलीकडेच थांबते आणि तिथून सामान घेऊन चालावं लागतं. तुमचं ओझं तुम्हाला झेपतंय का, याची पहिली परीक्षा तिथेच होते. दोन दिवस आधी पोहोचलात तर इंद्रायणीवर स्नान होतं, समाधीचं दर्शन होतं आणि दिंडीचा ट्रक कुठे उभा आहे तेही शोधून होतं.

प्रस्थानाच्याच दिवशी निघणं भाग असेल तरी घाबरू नका. प्रस्थानाचा सोहळा दुपारनंतर असतो आणि पालखीचा पहिला मुक्काम आळंदीतच आजोळघरी असतो. त्यापुढच्या दोन रात्री पालखी पुण्यात भवानी पेठेत असते. आळंदी चुकली तर पुण्यात गाठा.

४. एसटीत काय सवलत मिळते?

७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास, ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं तिकीट आणि सगळ्या महिलांना निम्मं तिकीट. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्ड जवळ ठेवा. रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. घरात वयस्कर माणसं असतील तर एसटी आणि रेल्वेचा हिशेब मांडूनच ठरवा.

५. आम्ही दहा-बारा जण आहोत. स्वतःची गाडी करून गेलो तर?

सोडायला आणि आणायला गाडी चालेल, सोबत ठेवायला नको. पालखीच्या वाटेवर वाहतूक वळवलेली असते, आणि पास नसलेली गाडी दिंडीबरोबर जाऊ देत नाहीत. चालक एका गावात, तुम्ही दुसऱ्या गावात आणि फोन लागत नाही, असे प्रकार मी दरवर्षी बघतो. गाडीने पुण्यात उतरा आणि चालकाला परत पाठवा. गेल्या काही वर्षांत सरकार आषाढीच्या काळात वारकऱ्यांच्या वाहनांना टोलमाफी देतं. त्याचा पास आरटीओ कार्यालयातून किंवा पोलीस ठाण्यातून आधीच घ्यावा लागतो. किणीच्या नाक्यावर जाऊन मागितला तर मिळत नाही.

६. मृगाची पेरणी आटोपल्याशिवाय निघता येत नाही. मध्ये कुठून सामील व्हावं?

करवीर, पन्हाळा, राधानगरीकडच्या शेतकऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. धूळवाफ (पावसाआधी कोरड्या रानात) पेरणी झाली तर मोकळीक मिळते, पण पाऊस लांबला तर सगळंच पुढे जातं.

माझं उत्तर ठरलेलं आहे: लोणंद. कोल्हापूर-पुणे रेल्वेमार्गावरच लोणंद, नीरा, वाल्हा आणि जेजुरी ही स्थानकं आहेत, आणि ही चारही गावं आळंदीच्या पालखीच्या वाटेवर आहेत. पुण्यात न जाता थेट पालखीत उतरता येतं. कोणती गाडी कुठे थांबते ते मात्र तिकीट काढतानाच बघा, सगळ्या थांबत नाहीत. एसटीने यायचं तर साताऱ्यात उतरून वाठार स्टेशनमार्गे लोणंद गाठा.

लोणंद सुचवायचं आणखी एक कारण आहे. पुढचा तरडगावचा टप्पा लहान आहे, त्यामुळे नव्या माणसाचे पाय हळूहळू सरावतात. शिवाय वाटेत चांदोबाच्या लिंबाला सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण होतं, वारकऱ्यांच्या दोन ओळींमधून अश्व धावतात. ज्याला जमेल त्याने ते चुकवू नये. धावणारे ते अश्व आपल्या शेजारच्याच अंकलीहून, चिकोडी तालुक्यातल्या शितोळे सरकारांकडून आलेले असतात. कोल्हापूरच्या माणसाला त्याचं अगत्य वाटतंच.

निघताना ट्रकवाल्याला फोन करा आणि दुपारपर्यंत मुक्कामाच्या गावात पोहोचा. चालत्या दिंडीत पाठीवर मोठं बोचकं घेऊन शिरू नका.

७. सगळी वारी जमणार नाही. फक्त दिवे घाट चालून परत येता येईल का?

येईल, पण ध्यानात घ्या की पुणे ते सासवड हाच सगळ्या वाटेतला मोठा टप्पा आहे. तीस किलोमीटरच्या आसपास चाल, आणि शेवटी घाट. "एकच तर दिवस" म्हणून सराव न करता आलेल्यांच्याच पायांना जास्त फोड आलेले मी पाहिलेत.

परतीसाठी एक सांगतो, पुष्कळांना सुचत नाही. सासवडहून उलट पुण्यात जाऊ नका, त्या दिवशी घाट वाहनांना बंद असतो. सासवड-नारायणपूर-कापूरहोळ रस्त्याने थेट पुणे-बंगळूर महामार्गावर या. कोल्हापूरची गाडी तिथे मिळते.

८. दिंडी कशी शोधायची? भिशी म्हणजे काय?

गावातल्या विठ्ठल मंदिरात, सप्ताहात, कीर्तनकारांकडे विचारा. आपल्या जिल्ह्यातल्या गावागावांतून माणसं जातात, कुणी ना कुणी सापडतंच. भिशी म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाण्याचा आणि मुक्कामाचा प्रत्येकाचा वाटा. दर दिंडीची रक्कम वेगळी असते. पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा: दिंडीचा नंबर काय आणि ती पालखीच्या रथाच्या पुढे चालते की मागे, एका माणसाचं किती सामान ट्रकमध्ये घेतात, पाण्याचा टँकर आहे का, आणि महिलांची राहुटी वेगळी आहे का. या चारांची उत्तरं मिळाली की पुढची खरेदी निम्म्यावर येते. ताट-वाटी दिंडीचीच असेल तर घरून कशाला न्यायची?

९. सामान किती घ्यावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. लोकांना सगळ्यात कमी पटणारं उत्तरही हेच.

दोन पिशव्या करा. एक ट्रकमध्ये जाणारी, एक खांद्यावरची. पहाटे ट्रकमध्ये टाकलेली पिशवी थेट मुक्कामाच्या गावात संध्याकाळी मिळते. मधल्या काळात तिच्यातलं औषधसुद्धा हाती लागत नाही. म्हणून दिवसभर लागणारं सगळं खांद्यावर: पाण्याची बाटली, प्लॅस्टिकची खोळ, पंचा, औषधं, थोडे पैसे, एक कोरडा मोज्यांचा जोड, चणे-गूळ. पाण्यासकट तीन किलोच्या वर जाऊ देऊ नका.

ट्रकच्या पिशवीत दोन जोड कपडे, अंथरूण-पांघरूण, दुसरं पायताण, साबण, नायलॉनची दोरी आणि चिमटे. पिशवी मऊ कापडाची हवी. चाकांची बॅग चिखलात ओढता येत नाही आणि ट्रकमध्ये नीट रचताही येत नाही. पूर्वी माणसं पत्र्याच्या पेट्या आणत, त्या निदान भिजत नसत. आता पिशवीच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि सगळं तिच्यात भरा. बाहेरून घालायच्या कव्हरपेक्षा हे जास्त उपयोगी आहे, कारण ट्रकच्या फाळक्यावर पाणी साचलं की ते खालून शिरतं. पिशवीवर नाव, गाव आणि दिंडीचा नंबर रंगाने मोठा लिहा. काळ्या रंगाच्या एकसारख्या साठ पिशव्यांतून पहाटे तीन वाजता बॅटरीच्या उजेडात आपली शोधणं सोपं नसतं.

पहिल्या वारीला माझ्याकडे अकरा किलो होते. त्यातली निम्मी पिशवी सासवडपर्यंत उघडलीसुद्धा नव्हती, आणि जेजुरीला एका पाहुण्यांकडे ती ठेवून पुढे गेलो. तेव्हापासून नियम असा आहे की पिशवी भरायची, रात्रभर ठेवायची आणि सकाळी त्यातल्या तीन वस्तू बाहेर काढायच्या.

१०. पायात काय घालावं? कोल्हापुरी चालेल का?

कोल्हापुरीचा आपल्याला अभिमान आहे, २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण वारीत नको. आपल्या आजोबांच्या पायात बारा महिने कातडी पायताण असायचं, त्यांच्या टाचा त्याला सरावलेल्या होत्या. आपल्या नाहीत. नवी कोल्हापुरी चावते. भिजली की कातडं फुगतं, वाळलं की कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर घसरते.

दोन जोड घ्या. एक जाळीदार कापडाचा चालण्याचा बूट, हलका, जाड आणि मऊ तळाचा. पालखीमार्ग आता बऱ्याच ठिकाणी रुंद झाला आहे, डांबर आणि काँक्रीट दोन्ही लागतं, आणि काँक्रीटवर टाचेला जास्त दणके बसतात. दुसरा जोड मागून पट्टा असलेल्या रबरी तळाच्या सँडलचा, चिखलासाठी आणि पावसासाठी. पाऊस सुरू झाला की बूट पिशवीत आणि सँडल पायात. ओल्या बुटात दिवसभर चाललात तर फोड येणारच.

बूट संध्याकाळी घ्यायला जा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. वारीतले मोजे घालून बघा आणि नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा घ्या. पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी हवी. आठ-दहा दिवस चालल्यावर पाय पसरतो, आणि उतारावर बोटं पुढे जाऊन आदळतात. राजारामपुरी असो, महाद्वार रोड असो, दुकानदाराला सांगा की दुकानात दहा मिनिटं चालून बघणार आहे. जो नको म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं: तो बूट घालून किमान शंभर किलोमीटर चालणं प्रस्थानाच्या आधी झालं पाहिजे. निघायच्या आदल्या दिवशी नवा बूट घेऊन येणाऱ्याला मी हात जोडून सांगतो, तुमचा जुनाच घाला. कुठे चालायचं ते प्रश्न ११ मध्ये.

११. सराव कुठे आणि किती करायचा?

पहिले दोन आठवडे रंकाळ्याच्या फेऱ्या पुरतात, रोज पाच-सहा किलोमीटर. मग वाढवा. रविवारी पहाटे कोल्हापुरातून जोतिबाला चालत जा. सतरा-अठरा किलोमीटर होतात, शेवटी चढ आहे, दर्शन होतं आणि परत एसटीने येता येतं. असे तीन-चार रविवार झाले की एकदा लागोपाठ दोन दिवस चाला. वारीत पहिल्या दिवशी कुणी थकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ठणकणारे पाय घेऊन उठणं हीच खरी कसोटी, आणि ती घरीच एकदा देऊन बघावी. नृसिंहवाडीला किंवा आदमापूरला चालत जाणारे पुष्कळ आहेत. त्यांना वेगळ्या सरावाची फारशी गरज नाही. सरावाला खांद्यावरची पिशवी पूर्ण भरून घ्या, रिकामी नको.

१२. रेनकोट घ्यावा की छत्री?

कोल्हापूरचा माणूस पावसाची तयारी भरपूर करतो आणि उन्हाची विसरतो. आपल्याकडे जून-जुलैत पाऊस थांबत नाही, म्हणून तिकडेही तसाच असेल असं वाटतं. सासवडपर्यंत कदाचित असेलही. पण फलटण, नातेपुते, माळशिरस हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. तिकडे आषाढात कडक ऊन असतं, आणि रुंद केलेल्या रस्त्यावर सावलीही कमी. टोपी किंवा उपरणं, पाणी आणि ओआरएसची पाकिटं रेनकोटाइतकीच गरजेची आहेत.

पावसासाठी साधी प्लॅस्टिकची खोळ सगळ्यात चांगली. डोक्यावरून घेतली की पाठीवरची पिशवीही झाकते, बसायला अंथरता येते आणि रात्री अंथरुणाखाली घालता येते. लक्ष्मीपुरीत प्लॅस्टिकचा जाड कागद मीटरवर कापून मिळतो. बंद रेनकोटात चालताना घाम साठतो आणि माणूस आतून भिजतो. दिंडीच्या ओळीत छत्री नकोच, तिची काडी मागच्याच्या डोळ्याला लागते.

शाळा सुरू होण्याच्या तोंडावर बाजारात पावसाळी वस्तूंची झुंबड उडते. मे महिन्यात घेऊन ठेवा.

१३. अंथरायला-पांघरायला काय न्यावं? घोंगडं चालेल?

खाली प्लॅस्टिकचा कागद, त्यावर व्यायामाला वापरतात तशी पातळ फोमची चटई आणि पांघरायला एक हलकी चादर. एवढं पुरे. सोलापुरी चादर घरी उत्तम, पण भिजली की तिचं वजन पेलत नाही आणि दोन दिवस वाळत नाही. घोंगडं उबदार असतं, पाण्याचे थेंबही पटकन आत शिरत नाहीत, आणि पट्टणकोडोलीकडची माणसं ते आनंदाने आणतात. ज्याला त्याची सवय आहे त्याने जरूर आणावं. इतरांना ते टोचतं आणि जड होतं. उशी आणू नका. कपड्यांची पिशवी डोक्याखाली घ्या.

१४. कपडे पांढरेच हवेत का? धोतराची सवय नाही.

सक्ती कुणी करत नाही. पांढरा सदरा-पायजमा आणि टोपी पुरते. धोतर नेसणार असाल तर घरी आठ दिवस नेसून चाला. मांड्या काचणं हा पुरुषांचा न सांगितला जाणारा त्रास आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालणं अशक्य होतं आणि माणूस लाजेने बोलत नाही. लांब मांडीची, शिवण टोचणार नाही अशी आतली चड्डी घाला आणि पहाटे व्हॅसलिन किंवा खोबरेल लावा, लाल व्हायच्या आधीच. जीन्स आणू नका.

१५. महिलांनी वेगळं काय न्यावं?

नऊवारीची सवय असेल तर तीच उत्तम. नसेल तर सहावारी घोट्याच्या वर खोचून किंवा सुती पंजाबी ड्रेस. साडीवर बूट घालायला काकी-मावशींना संकोच वाटतो, पण वाटेवर हजारो जणी तशाच चालतात. मागे पाय घासण्यापेक्षा तेच बरं. आंघोळ टँकरवर किंवा उघड्यावर आडोशाने असते, म्हणून गडद रंगाचा गाऊन आणि मोठा पंचा न्या. मुक्कामाच्या गावांत फिरती शौचालयं असतात. रांग मोठी असते, त्यामुळे पहाटे लवकर उठणं फायद्याचं. सॅनिटरी पॅड घरूनच पुरेसे घ्या आणि वापरलेले गुंडाळून टाकायला कागदी पिशव्याही. पाळी आली म्हणून चालणं थांबवायचं कारण नाही.

१६. टाळ, पताका, तुळशीची माळ आधी विकत घ्यावी का?

पताका दिंडीची असते. टाळ घ्यायचे तर काशाचे, आणि हातात धरून अर्धा तास वाजवून बघा. जड जोडीने मनगट दुखतं. पहिल्या वर्षी दिंडीतलेच मागून घेतले तरी चालतात.

माळेचं वेगळं आहे. ती दुकानात मिळते, पण ती खरेदी नव्हे. माळ घालायची ती महाराजांच्या हातून, आणि घातली की मांसाहार सुटतो, एकादशी पाळावी लागते. आपल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात हा निर्णय सोपा नाही, म्हणून घाईने घेऊ नये. माळ नसलेला माणूसही वारीत चालतो. वारीच्या दिवसांत मात्र मांस-मद्य वर्ज्य ठेवावं.

१७. मला मधुमेह आहे. येऊ का? औषधं कशी न्यायची?

आधी डॉक्टरांना दाखवा. ते हो म्हणाले तर दोन नियम आमचे. अनवाणी चालायचं नाही, नवस असला तरी. आणि रोज रात्री बॅटरी घेऊन तळपाय बघायचे, कारण जखम झालेली कळतच नाही. नेहमीची औषधं पुरून चार दिवस उरतील इतकी घ्या आणि दोन ठिकाणी विभागून ठेवा, खांद्यावर आणि ट्रकमध्ये. इन्सुलिन घेत असाल तर उन्हात ते कसं सांभाळायचं हे डॉक्टरांकडून लिहूनच आणा. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रतही जवळ ठेवा.

इतरांसाठी: चिकटपट्टी, कापूस, जंतुनाशक मलम, ताप-जुलाबाची गोळी, ओआरएस. ओआरएस संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. फोड आला तर वरची कातडी ओढून काढू नका, झाकून ठेवा. वाटेवर सरकारी आरोग्य पथकं असतात, १०८ ची रुग्णवाहिका असते. दुखणं अंगावर काढू नका.

१८. मोबाइल आणि पैसे?

मुक्कामाच्या गावात लाखो माणसं एकदम येतात, त्यामुळे नेटवर्क असूनही फोन लागत नाही. घरच्यांना सांगून ठेवा की दिवसाआड एकदा फोन येईल, नाही आला तरी काळजी करू नये. चार्जिंगला रांग असते, दहा हजार एमएएचची पॉवर बँक पुरते. रोख पैसे दहा, वीस, पन्नासच्या नोटांत आणि दोन जागी ठेवा. स्कॅनर सगळीकडे दिसतो, पण नेटवर्क नसलं तर त्याचा उपयोग नाही.

१९. हात तंग आहे. सगळं विकत घेणं शक्य नाही.

मग फक्त पायातलं घ्या. बाकी सगळं घरातलं चालतं. खताच्या पोत्याची खोळ, जुनी चादर, दप्तराची जुनी पिशवी घेऊन येणारी माणसं वर्षानुवर्षं वारी करतात. बुटात मात्र काटकसर नको. आणि भिशी जमत नसेल तर दिंडीच्या विणेकऱ्यांना किंवा प्रमुखांना एकांतात सांगा. पाणी वाढणं, ट्रक भरणं, राहुट्या उभारणं याला माणसं लागतातच.

२०. पंढरपूरहून परत कसं यायचं?

पंढरपूर मिरज-कुर्डुवाडी रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे मिरजेमार्गे कोल्हापूर सरळ आहे. आषाढीला जादा गाड्याही सोडतात. एसटीची तात्पुरती स्थानकं गावाबाहेर जिल्ह्यांप्रमाणे ठरवतात. आपली गाडी कोणत्या स्थानकावरून सुटते ते पोहोचल्याच दिवशी विचारून ठेवा. गावातली चाळीस किंवा जास्त माणसं एकत्र असतील तर आगारात आधी मागणी करा. अशा गटाला थेट गावासाठी गाडी देण्याची सोय एसटीने केलेली आहे.

एकादशीच्या रात्रीचं आरक्षण करू नका. दर्शनरांग किती वेळ चालेल हे कुणाच्या हातात नाही. द्वादशीला पारणं करून दुपारनंतर निघा. गोपाळकाल्यापर्यंत थांबणार असाल तर पौर्णिमेनंतरचं तिकीट काढा.

एक अपवाद. आषाढी जुलैच्या उत्तरार्धात आली तर पंचगंगेकडे लक्ष ठेवा. २०२१ मध्ये आषाढी २० जुलैला होती आणि त्याच आठवड्यात महापुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. अशा वर्षी दोन दिवस जादा पुरतील एवढे पैसे आणि औषधं ठेवा, आणि मिरज-सांगलीत कुणी पाहुणे असतील तर त्यांना कळवून ठेवा.

२१. चुकामूक झाली किंवा सामान हरवलं तर?

घरूनच एक चिठ्ठी लॅमिनेट करून आणा: नाव, गाव, दिंडीचा नंबर, रथाच्या पुढे की मागे, घरचा फोन, रक्तगट. ती गळ्यात किंवा आतल्या खिशात ठेवा. दिंडीचा नंबर पाठ असला की कुणीही वारकरी तुम्हाला वाटेला लावतो.

सामानासाठी संध्याकाळच्या समाजआरतीला जा. चोपदारांनी चोप वर केला की सगळे टाळ शांत होतात आणि सापडलेल्या, हरवलेल्या वस्तूंची माहिती सांगतात. पैशाचं पाकीटसुद्धा असं परत मिळालेलं मी पाहिलं आहे.

२२. अर्ध्यातून परतावं लागलं तर वारी मोडली का?

नाही. पाय गेला असताना ओढत चालू नका. ट्रकमध्ये बसून पुढच्या मुक्कामाला या, एक दिवस विश्रांती घ्या, मग ठरवा. परतायचं ठरलं तर लोणंदपर्यंत रेल्वे, फलटणहून साताऱ्यामार्गे एसटी. त्यापुढे गेलात तर पंढरपूर गाठूनच परतणं सोयीचं. दिंडीप्रमुखांना सांगितल्याशिवाय निघू नका. संध्याकाळी माणूस दिसला नाही की आम्ही रात्रभर शोधत बसतो.

२३. आई बहात्तर वर्षांची आहे. तिला चालायची फार इच्छा आहे, पण एवढं लांब नको वाटतं.

त्यांना नंदवाळला न्या. करवीर तालुक्यातलं हे प्रतिपंढरपूर. आषाढी एकादशीला कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातून पालखी निघते, पुईखडीला रिंगण होतं आणि दिंडी नंदवाळला जाते. सकाळी घरून निघून संध्याकाळी घरी. तेवढंही झेपत नसेल तर पुईखडीपर्यंत गाडीने सोडा, रिंगण बघू द्या आणि तिथून पुढे जमेल तितकं चालू द्या. या दिवशी आपल्याकडे पाऊस हमखास असतो, म्हणून खोळ आणि पट्ट्याचं सँडल (प्रश्न १० आणि १२) हवंच, खांद्यावरची पिशवी तुम्ही घ्या, आणि प्रश्न २१ मधली चिठ्ठी त्यांच्या गळ्यात असू द्या.